घड्याळाजवळचे आयकॉन सारखे लपतात? आधी कारण ओळखा, मग सेटिंग बदला

दर महिन्याची २० तारीख जवळ आली की नाशिकच्या कॅनडा कॉर्नर आणि शरणपूर रोडवरच्या कर सल्लागारांच्या ऑफिसांत ही तक्रार हमखास निघते. जीएसटीआर-३बी भरायचा असतो, रिटर्न कंपनीचं असल्यामुळे डीएससीनं (डिजिटल सही प्रमाणपत्रानं) सही करायची असते, ते ज्यात असतं ते यूएसबी टोकन लावलेलं असतं, आणि घड्याळाजवळ कालपर्यंत दिसणारा टोकनचा आयकॉन आज नसतो. मग कॉम्प्युटर दोनदा रीस्टार्ट होतो, टोकनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं जातं, अर्धा तास जातो. शेवटी आयकॉन सापडतो तो विंडोजच्या टास्कबारवरच्या (स्क्रीनच्या खालच्या पट्टीवरच्या) छोट्या बाणाच्या आत.

आयकॉन बाहेर आणणं हे दोन मिनिटांचं काम आहे. तो पुन्हा पुन्हा आत का जातो, हे कळलं नाही तर मात्र ती दोन मिनिटं दर महिन्याला द्यावी लागतात. सेटिंग्जमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील.

लपलाय, की मुळात चालूच नाही?

पहिला प्रश्न हाच. आयकॉन "गायब" होण्याचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचा उपाय वेगळा.

एक, प्रोग्रॅम चालू आहे आणि त्याचा आयकॉन बाणाच्या आत आहे. दोन, प्रोग्रॅम चालू आहे पण बाणच दिसत नाही, म्हणजे लपलेल्या आयकॉनचा मेनूच बंद केलेला आहे. तीन, प्रोग्रॅम सुरूच झालेला नाही. तिसऱ्या प्रकारात टास्कबारच्या सेटिंग्ज कितीही उलटसुलट केल्या तरी काही होणार नाही, आणि लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो.

तपासायचं असं: कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोग्रॅमचं नाव शोधा. नाव नसेल तर प्रोग्रॅम बंद आहे. तो स्टार्ट मेनूतून सुरू करा आणि नंतर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप भागात जाऊन त्याच्यासमोर "डिसेबल्ड" लिहिलंय का ते बघा. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कुणीतरी स्टार्टअपमधलं सगळं बंद केलेलं असतं आणि त्यात टोकनचं टूल, बॅकअपचं सॉफ्टवेअर, विंडोज सिक्युरिटीची ढाल हे सगळं जातं. ढाल दिसत नसेल तर "विंडोज सिक्युरिटी नोटिफिकेशन आयकॉन" ही ओळ चालू करून साइन आउट करा आणि परत या. ढाल दिसत नाही म्हणजे अँटिव्हायरस बंद पडला असं नाही. तो आयकॉन वेगळा छोटा प्रोग्रॅम आहे आणि संरक्षण मागे वेगळं चालू असतं.

उलटंही होतं. प्रोग्रॅम अचानक बंद पडला किंवा टास्क मॅनेजरमधून बंद केला तर त्याचा आयकॉन तसाच राहतो आणि माऊस त्यावरून नेला की नाहीसा होतो. म्हणून आयकॉन दिसतोय एवढ्यावर प्रोग्रॅम चालू आहे असं धरू नका. माऊस त्यावर नेऊन बघा.

विंडोज ११ मध्ये बाहेर कसा आणायचा

आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे ते आधी बघा: विंडोज + आर दाबून "विनव्हर" (winver) असं इंग्रजीत टाइप केलं की कळतं. २२एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर रस्ता असा:

टास्कबारच्या मोकळ्या जागी राईट क्लिक, "टास्कबार सेटिंग्ज", त्यात "अदर सिस्टीम ट्रे आयकॉन्स". इथे प्रत्येक प्रोग्रॅमसमोर एक स्विच आहे. ऑन केला की आयकॉन टास्कबारवर, ऑफ केला की बाणाच्या आत. याच यादीत वर "हिडन आयकॉन मेनू" नावाचा स्विच आहे आणि सगळी गोम तिथे आहे. तो ऑफ असेल तर बाणच जातो, आणि ज्या प्रोग्रॅमचे स्विच ऑफ आहेत त्यांचे आयकॉन कुठेच दिसत नाहीत, ना बाहेर ना आत. टास्कबार नीटनेटका करायच्या नादात हा स्विच बंद होतो. तो कायम चालूच ठेवा.

२०२१ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे २१एच२ मध्ये, हाच भाग "टास्कबार कॉर्नर ओव्हरफ्लो" या नावानं होता. जुन्या व्हिडिओंमध्ये तेच नाव सांगतात, म्हणून लोकांना ते सापडत नाही.

त्याच पानावर "सिस्टीम ट्रे आयकॉन्स" असाही एक भाग आहे. त्यात पेन मेनू, टच कीबोर्ड, व्हर्च्युअल टचपॅड अशा विंडोजच्या स्वतःच्या गोष्टी आहेत. आपला प्रोग्रॅम तिथे शोधू नका.

माऊसनेही काम होतं. बाणावर क्लिक करा, हवा तो आयकॉन धरून घड्याळाजवळ ओढा आणि सोडा. पण हीच सोय घातही करते: माऊस जरा घसरला की बाहेरचा आयकॉन ओढला जाऊन आत पडतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. रिसेप्शनच्या किंवा बिलिंगच्या कॉम्प्युटरवर, जिथे दिवसभरात चार जण हात लावतात, "आपोआप" लपलेले बरेच आयकॉन असेच गेलेले असतात.

माऊस बंद पडला असेल तर विंडोज + बी दाबा. निवड थेट बाणापाशी जाते. एंटर दाबून मेनू उघडा, बाणांच्या कळांनी आयकॉन निवडा आणि शिफ्ट + एफ१० नं त्याचा राईट क्लिक मेनू उघडा. आयकॉन बाहेर न आणताही काम होतं.

विंडोज १०

मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तरी सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत आणि दुकानांत ती अजून भरपूर आहे. तिथे रस्ता: सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, "सिलेक्ट विच आयकॉन्स अपिअर ऑन द टास्कबार". वरचा "ऑलवेज शो ऑल आयकॉन्स" हा एक स्विच ऑन केला की सगळे आयकॉन बाहेर येतात, पुढे टाकल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमचेसुद्धा. विंडोज ११ मध्ये असा एकच स्विच नाही, आणि नवीन कॉम्प्युटर घेतल्यावर ही तक्रार वाढते ती त्यामुळेच. विंडोज १० मध्ये सवय लागलेली असते, ११ मध्ये प्रत्येक नवा आयकॉन आधी आत जातो.

विंडोज १० मध्ये आवाज, नेटवर्क, बॅटरीचे स्विच "टर्न सिस्टीम आयकॉन्स ऑन ऑर ऑफ" या वेगळ्या पानावर आहेत. तिथला स्विच राखाडी आणि दाबला न जाणारा असेल तर सेटिंग चुकलेली नसते. आवाजाचा राखाडी असेल तर साउंड ड्रायव्हर नाही किंवा डिव्हाइस बंद आहे. बॅटरीचा राखाडी असेल तर विंडोजला बॅटरीच सापडलेली नाही.

पुन्हा पुन्हा का लपतात

खरी डोकेदुखी ही. स्विच ऑन केला, आठ-पंधरा दिवस ठीक चाललं, परत आत गेला.

विंडोज ११ तुमची निवड प्रोग्रॅमच्या नावाला जोडत नाही. ती त्याची फाइल डिस्कवर ज्या मार्गावर आहे त्या मार्गाला जोडते. फाइलचा मार्ग बदलला की विंडोजच्या लेखी तो नवा प्रोग्रॅम, आणि नवा प्रोग्रॅम म्हणजे लपलेला. काही प्रोग्रॅम प्रत्येक अपडेटला स्वतःचं फोल्डर बदलतात. फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो. अशा प्रोग्रॅमचा आयकॉन प्रत्येक अपडेटनंतर आत जाणार. सेटिंग्जच्या यादीत एकाच नावाच्या दोन-तीन ओळी दिसल्या तर हेच झालंय असं समजा: एक ओळ आताच्या फाइलची, बाकीच्या जुन्या मार्गांच्या. लोक जुन्या ओळीचा स्विच ऑन करतात आणि "ऑन आहे तरी दिसत नाही" म्हणतात. प्रोग्रॅम चालू ठेवून एकेक स्विच हलवून बघा. ज्यानं आयकॉन लगेच बाहेर येतो ती खरी ओळ.

खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स भागात प्रोग्रॅमवर राईट क्लिक करून "ओपन फाइल लोकेशन" करा आणि मार्ग वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी आयकॉन लपला की पुन्हा बघा. मार्ग बदललेला असेल तर कारण सापडलं.

उपाय कारणावर अवलंबून आहे. इन्स्टॉल करताना "सर्व वापरकर्त्यांसाठी" असा पर्याय मिळत असेल तर तो घ्या. अशा वेळी प्रोग्रॅम बहुधा प्रोग्रॅम फाइल्समध्ये एका ठरलेल्या फोल्डरात बसतो. युटिलिटी डाउनलोड्स फोल्डरमधूनच चालवत असाल तर ती तिथून हलवा. तीच फाइल पुन्हा डाउनलोड केली की नावापुढे कंसात १ लागतो, आणि झाला मार्ग वेगळा. पेन ड्राइव्हवरून चालवत असाल तर आज ड्राइव्हचं अक्षर ई, उद्या एफ. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याला एकच अक्षर नेमून द्या, किंवा सरळ हार्ड डिस्कवर कॉपी करा. प्रोग्रॅम बनवणाऱ्यानं आयकॉनला स्वतःची कायमची ओळख दिली असेल आणि जुन्या-नव्या दोन्ही फाइलींवर एकाच कंपनीची डिजिटल सही असेल, तर फाइल हलली तरी निवड टिकते. ते आपल्या हातात नसतं, पण एकाच कॉम्प्युटरवर एका सॉफ्टवेअरचा आयकॉन टिकतो आणि दुसऱ्याचा टिकत नाही याचं उत्तर त्यात आहे.

दुसरं कारण: ही निवड प्रत्येक विंडोज युजरची वेगळी. सकाळच्या माणसानं आपल्या लॉगिनमध्ये आयकॉन बाहेर काढला म्हणून संध्याकाळच्या माणसाला दिसणार नाही. प्रोफाइल खराब होऊन विंडोज तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये साइन इन करत असेल तर रोजच सगळं नव्यानं सुरू होतं. अशा वेळी डेस्कटॉपवरच्या फाइलीही दिसत नाहीत, त्यावरून ओळखता येतं. तेव्हा आयकॉनच्या मागे लागू नका. आधी प्रोफाइल दुरुस्त करा.

तिसरं: कॉलेज रोडच्या क्लासेसमध्ये किंवा एमएस-सीआयटीच्या लॅबमध्ये असतं तसं, रीस्टार्ट केल्यावर डिस्क पूर्वपदावर आणणारं सॉफ्टवेअर. त्याचं संरक्षण चालू असताना केलेला कोणताही बदल टिकत नाही. लॅबचं काम बघणाऱ्याला सांगून संरक्षण थांबवा, बदल करा, पुन्हा चालू करा.

चौथं कारण क्लीनर सॉफ्टवेअर. काहींच्या यादीत "ट्रे नोटिफिकेशन्स कॅशे" असा पर्याय असतो. त्याची टिक काढा. आमचा स्पष्ट सल्ला असा की रजिस्ट्री (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते ती जागा) साफ करणारं सॉफ्टवेअर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवूच नये. त्यानं वाचणारी जागा नगण्य असते आणि बिघाड शोधायला दिवस जातो.

एकदम सगळेच गेले तर

टास्कबार अडकला, क्लिक केलं तरी बाण उघडत नाही, आयकॉनच्या जागी रिकामे चौकोन दिसतात: टास्क मॅनेजरमध्ये "विंडोज एक्सप्लोरर" निवडून "रीस्टार्ट" दाबा. स्क्रीन क्षणभर रिकामी होईल, घाबरू नका. उघडलेलं काम जात नाही, फक्त फोल्डरच्या खिडक्या बंद होतात.

यानंतर काही आयकॉन परत येतात, काही येत नाहीत. टास्कबार नव्यानं तयार झाला की विंडोज सगळ्या प्रोग्रॅमना तसा निरोप पाठवते आणि प्रत्येकानं आपला आयकॉन पुन्हा लावायचा असतो. ज्याच्या प्रोग्रॅमरनं त्याची सोय केलेली नाही, त्याचा आयकॉन येत नाही. "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून सुरू केलेल्या प्रोग्रॅमपर्यंत तर हा निरोप सुरक्षेच्या नियमामुळे पोचतच नाही, त्यानं मुद्दाम परवानगी दिली असल्याशिवाय. सही करणाऱ्या युटिलिटी बऱ्याचदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवाव्या लागतात, म्हणून हे लक्षात ठेवा: आयकॉन नसला तरी प्रोग्रॅम मागे चालू असतो. तसाच दुसऱ्यांदा सुरू केला तर "आधीच चालू आहे" किंवा "पोर्ट वापरात आहे" अशी तक्रार तो करू शकतो. टास्क मॅनेजरमधून आधी जुना बंद करा, मग नवा सुरू करा.

घड्याळ आहे पण त्याच्या डावीकडे काहीच नाही, बाणसुद्धा नाही, आणि सेटिंग्ज सगळ्या बरोबर आहेत, तर ग्रुप पॉलिसी (कॉम्प्युटरवर नियम लावायची विंडोजची सोय) तपासा. "हाइड द नोटिफिकेशन एरिया" ही पॉलिसी लागली की आयकॉनची सगळी जागा जाते आणि घड्याळ तेवढं उरतं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ती युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, "स्टार्ट मेनू अँड टास्कबार" इथे आहे. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा एडिटर मिळत नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरवर ही पॉलिसी आयटी विभागानं लावलेली असू शकते, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

दोन स्क्रीन असतील तर आणखी एक साधी शक्यता आहे. ट्रेचे, म्हणजे घड्याळाजवळचे, आयकॉन फक्त मुख्य स्क्रीनच्या टास्कबारवर येतात. क्लासमधला प्रोजेक्टर किंवा दुकानातला गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला मॉनिटर मुख्य ठरला असेल तर आपल्या समोरच्या स्क्रीनवर फार तर घड्याळ दिसतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये आपला मॉनिटर निवडून "मेक धिस माय मेन डिस्प्ले" वर टिक करा.

काही ठरावीक आयकॉन

मराठी-इंग्रजीचा भाषा दर्शक डीटीपीवाल्यांना सगळ्यात जास्त छळतो. एकच भाषा आणि एकच कीबोर्ड असेल तर तो दिसतच नाही. "टाइम अँड लँग्वेज" मध्ये मराठी जोडा आणि तिच्या पर्यायांत इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड घ्या. विंडोज + स्पेसनं अदलाबदल होते. दोन्ही भाषा असूनही दर्शक नसेल तर "ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज" मध्ये "यूज द डेस्कटॉप लँग्वेज बार" वर टिक आहे का बघा. ती असेल तर जुना लँग्वेज बार वापरात येतो, आणि त्याच्या पर्यायांत "हिडन" निवडलेलं असेल तर काहीच दिसत नाही. टिक काढा, किंवा "डॉक्ड इन द टास्कबार" निवडा. एवढ्यावरही नाही आला आणि स्टार्टच्या शोधपट्टीत टाइपच होत नसेल, तर सीटीएफमॉन (ctfmon) हा भाषा आणि कीबोर्ड सांभाळणारा विंडोजचा प्रोग्रॅम बंद आहे. टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, "टेक्स्ट सर्व्हिसेस फ्रेमवर्क" या क्रमानं जाऊन "एमएस सीटीएफ मॉनिटर" हे काम एनेबल करा.

ब्लूटूथचा स्विच टास्कबारच्या पानावर शोधू नका. तो ब्लूटूथच्या सेटिंग्जमध्ये "मोअर ब्लूटूथ सेटिंग्ज" च्या आत, "शो द ब्लूटूथ आयकॉन इन द नोटिफिकेशन एरिया" असा आहे. काही चॅट प्रोग्रॅमचंही तसंच: त्यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये ट्रे आयकॉन बंद असेल तर विंडोजच्या यादीतला स्विच काही करू शकत नाही.

"सेफली रिमूव्ह हार्डवेअर" चा आयकॉन काढता येण्यासारखं डिव्हाइस लावलेलं असेल तेव्हाच येतो. विंडोज ११ च्या यादीत तो "विंडोज एक्सप्लोरर" या नावाखाली असतो, म्हणून सापडत नाही. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी "क्विक रिमूव्हल" हे मुळातच लागू असतं, त्यामुळे साध्या पेन ड्राइव्हला फरक पडत नाही. पण टॅलीचा बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क तशीच ओढून काढू नका. "धिस पीसी" मध्ये तिच्यावर राईट क्लिक करून "इजेक्ट" करा.

लॅपटॉपचा बॅटरी आयकॉन गेला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये "बॅटरीज" उघडा, "मायक्रोसॉफ्ट एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी" अनइन्स्टॉल करा आणि वरून "स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस" दाबा. त्यानंतर "रीस्टार्ट" च निवडा. फास्ट स्टार्टअप चालू असताना "शट डाउन" करून चालू केलं तर विंडोजचा गाभा जुन्याच अवस्थेतून उठतो. डेस्कटॉपवर अचानक बॅटरी दिसायला लागली तर तीही बिघाडाची खूण नाही. यूएसबी डेटा केबलनं जोडलेला यूपीएस विंडोजला बॅटरीसारखाच दिसतो, आणि लाइट गेल्यावर किती वेळ हाताशी आहे ते त्यावरूनच कळतं. हा आयकॉन लपवू नका.

रजिस्ट्रीतून, जेव्हा बाकी काही चालत नाही

यादीत जुन्या ओळींचा गोंधळ झाला असेल तर विंडोज ११, २२एच२ पासून पुढे हे करता येतं. रजिस्ट्री एडिटर उघडा, "एचकी करंट युजर" मध्ये "कंट्रोल पॅनल", त्यात "नोटिफाय आयकॉन सेटिंग्ज". आत लांबलचक आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतील, प्रत्येक आयकॉनचं एक. "एक्झिक्युटेबल पाथ" मध्ये फाइलचा मार्ग असतो आणि "इझ प्रमोटेड" मध्ये १ असेल तर आयकॉन बाहेर. हे मूल्य नसेल तर त्याच नावाचं ३२ बिटांचं डीवर्ड बनवून १ द्या. सगळं नव्यानं सुरू करायचं असेल तर "नोटिफाय आयकॉन सेटिंग्ज" वर राईट क्लिक करून आधी "एक्सपोर्ट" करा, मग ते पूर्ण डिलीट करा आणि साइन आउट करून परत या. प्रोग्रॅम एकेक सुरू होतील तशी यादी पुन्हा भरेल. हवे ते स्विच तेव्हा ऑन करा.

विंडोज १० मध्ये ही जागा वेगळी आहे: "ट्रे नोटिफाय" नावाच्या रजिस्ट्रीतल्या फोल्डरातली "आयकॉन स्ट्रीम्स" आणि "पास्ट आयकॉन्स स्ट्रीम" ही दोन मूल्यं डिलीट करून एक्सप्लोरर रीस्टार्ट करतात. जुन्या लेखांत सापडणारा "एनेबल ऑटो ट्रे" ला ० देण्याचा उपायही विंडोज १० चा. २२एच२ पासूनच्या ११ मध्ये त्याचा परिणाम होत नाही, तो करून वेळ घालवू नका.

दहा-वीस कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांनी प्रत्येकावर हातानं स्विच लावत बसू नये. साइन इन होताना चालणारं टास्क शेड्युलरचं एक काम करा. त्यात "नोटिफाय आयकॉन सेटिंग्ज" मधल्या प्रत्येक फोल्डरात "इझ प्रमोटेड" ला १ देणारी चार ओळींची पॉवरशेल स्क्रिप्ट पुरते. ते काम त्याच युजरच्या नावानं चालायला हवं, सिस्टीमच्या नावानं नाही, कारण ही नोंद युजरच्या रजिस्ट्रीत असते. आणि साइन इन झाल्यावर एक-दोन मिनिटांनी चालेल असं ठेवा. नव्या मार्गावरून उठलेला प्रोग्रॅम आपली नोंद करायच्या आधीच स्क्रिप्ट संपली तर त्या दिवशी त्याचा आयकॉन आतच राहतो.